फितरा ईदच्या आधी, मदत मरणाच्या आधी

रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे अखेरचे दहा दिवस सुरू झाले की भोर, नसरापूर, वेल्हे या भागातल्या मुस्लिम घरांत दोन हिशेब मांडले जातात. पहिला जकातीचा. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी किंवा त्याहून अधिक शिल्लक वर्षभर हाताशी राहिली असेल, तर तिचा अडीच टक्के हिस्सा गरिबांचा. दुसरा हिशेब फितऱ्याचा. घरातल्या प्रत्येक माणशी, अगदी पाळण्यातल्या बाळाच्या नावानेही, पावणेदोन ते दोन किलो गहू किंवा त्याची किंमत. जकात वर्षातून केव्हाही काढता येते. फितऱ्याला मात्र मुदत आहे. तो ईदच्या नमाजाआधी गरजूच्या हातात पडला पाहिजे. नमाज झाल्यावर दिलेला फितरा हा एरवीच्या दानासारखाच एक दान ठरतो, अशी शिकवण हदीसमध्ये आहे.

या मुदतीमागचे कारण साधे आहे. ईदच्या सकाळी शेजारच्या घरातही शीरखुर्मा शिजावा, त्या घरच्या मुलांना दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागू नये, यासाठी फितरा आहे. दुपारी पोचलेल्या पैशाने ती सकाळ परत आणता येत नाही. म्हणजे दान किती दिले, याच्या बरोबरीने ते केव्हा पोचले, हेही धर्माने मोजले आहे. हा छोटासा नियम आजच्या जगातल्या एका मोठ्या प्रश्नाला लावून पाहावा असे वाटते. तो प्रश्न आहे युद्धात होरपळणाऱ्या सामान्य माणसांच्या मदतीचा.

युद्ध आणि आपला भोर-वेल्ह्याचा शांत डोंगराळ मुलूख यांचा काय संबंध, असे कुणी म्हणेल. पण हा मुलूख युद्ध विसरलेला नाही. राजगड, तोरणा, रोहिडा हे किल्ले आपल्या उशापायथ्याला आहेत. किल्ल्यांच्या लढाया आपण पाठ्यपुस्तकात वाचतो, गडावर जाऊन मुलांना सांगतो. त्या लढायांच्या वाटेवर जी गावे होती, तिथल्या माणसांचे काय झाले, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

त्या माणसांची आठवण ठेवणारा एक कागद सुदैवाने शिल्लक आहे. १६६२ सालच्या ऑक्टोबर महिन्यातला तो आहे. पुण्यात तेव्हा शायिस्ताखानाचा तळ होता. मोगलांची फौज रोहिड खोऱ्याच्या बाजूने धावून येत असल्याची बातमी हेरांनी आणली. छत्रपती शिवाजी महाराजांनी लगेच सर्जेराव जेधे देशमुखांना पत्र पाठवले. जेधे म्हणजे भोर तालुक्यातल्या कारी गावचे घराणे. पत्रात लढाईच्या डावपेचांची चर्चा नाही. आहे ती रयतेची काळजी. गावोगाव हिंडून, रात्रीचा दिवस करून सगळ्या रयतेला लेकराबाळांसह घाटाखाली सुरक्षित जागी पोचवावे. या कामात घटकेचाही उशीर करू नये. शेतीवाडी राखण्यासाठी जे मागे थांबतील, त्यांनाही डोंगरातल्या अवघड जागा सांगून ठेवाव्यात आणि शत्रू दुरून दिसताच निसटून जायला बजावावे. आणि हयगय झाली, माणसे शत्रूच्या कैदेत पडली, तर त्याचे पाप देशमुखांच्या माथी बसेल, असेही महाराजांनी स्पष्ट लिहिले आहे.

हा कागद पुन्हा पुन्हा वाचण्याजोगा आहे. त्यात मदतीची पूर्ण व्याख्या आहे. मदत संकटाच्या आधी निघाली पाहिजे. ती बायकामुलांपर्यंत पोचली पाहिजे. जे घर सोडून जाऊ शकत नाहीत, त्यांचाही विचार तिच्यात असला पाहिजे. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे उशिराचा जाब विचारला गेला पाहिजे. ज्याच्या हातात अधिकार आहे, त्याने केलेला विलंब ही नुसती चूक धरलेली नाही, तर पाप धरले आहे. फितऱ्याच्या मुदतीमागेही हाच विचार आहे.

त्या काळजीचे कारण अडीच वर्षांनी याच खोऱ्याने पाहिले. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगांनी पुरंदरला वेढा घातला आणि एप्रिलमध्ये दाऊदखान कुरेशीला वेगळी फौज देऊन आसपासचा मुलूख बेचिराख करायला पाठवले. २७ एप्रिलला ही फौज रोहिड्याजवळ आली. सुमारे पन्नास गावे तिने जाळली. डोंगराच्या कुशीत दडलेली चार मोठी गावे अशी होती की तिथवर तोपर्यंत कोणतीही फौज पोचली नव्हती. तीही उद्ध्वस्त झाली, शेतकरी आणि त्यांची गुरे धरून नेली गेली. पुढे हीच फौज राजगडाकडे वळली आणि वाटेतली गावे पेटत गेली. ही माहिती खुद्द जयसिंगांच्या फारसी पत्रव्यवहारातून इतिहासकारांना मिळाली आहे. जाळणाऱ्यांनी ती अभिमानाने बादशहाला कळवली होती.

या घटनेत सरदार राजपूत होता, त्याच्या हाताखालचा सेनानी मुसलमान होता, गावे मराठी होती. आज कुणी या तपशिलातून हिंदू-मुसलमान असा हिशेब काढू लागले, तर त्याच्या हाती फारसे लागणार नाही. हिशेब निघतो तो एकच. एका बाजूला हत्यार घेतलेली माणसे होती आणि दुसऱ्या बाजूला नांगर धरणारी. पेटलेल्या गावातल्या बाईला आग कोणत्या निशाणाखाली लागली, यापेक्षा मूल घेऊन कुठे जायचे, हाच प्रश्न पडला असणार.

इस्लामच्या परंपरेत हा भेद फार आधीपासून सांगितलेला आहे. पहिले खलिफा हजरत अबूबक्र यांनी शामच्या मोहिमेवर निघालेल्या फौजेला ताकीद दिली होती. बायका, मुले, म्हातारी माणसे यांना मारायचे नाही. फळझाडे तोडायची नाहीत. खाण्यापुरते सोडून गुरेढोरे कापायची नाहीत. मठात राहून उपासना करणाऱ्यांना हात लावायचा नाही. मुसलमान म्हणवणाऱ्या सगळ्या फौजांनी ही ताकीद पाळली असे नाही. दाऊदखानाच्या फौजेने तर पाळलीच नाही. पण नियम मोडला गेला, म्हणून नियम खोटा ठरत नाही. उलट मोडणाऱ्याला कोणत्या मापाने मोजायचे, ते आपल्याला कळते.

कुरआनच्या सूरह अद-दहरमध्ये नेक माणसांची एक ओळख सांगितली आहे. ते गरिबाला, अनाथाला आणि कैद्याला जेवू घालतात, आणि त्याच्या बदल्यात मोबदला तर सोडाच, आभाराचीही अपेक्षा ठेवत नाहीत. त्या काळी कैदी म्हणजे बहुधा लढाईत हाती लागलेला विरोधी गोटातला माणूस. त्यालाही घास द्यायचा आहे. म्हणजे भुकेल्याला तू कोणाच्या बाजूचा, हे विचारण्याची मुभाच ठेवलेली नाही.

महाराष्ट्राने हे नजीकच्या काळातही करून दाखवले आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सरकारने पूर्व पोलंडमधून लाखो माणसे सैबेरियाकडे नेली. १९४१ नंतर त्यांतल्या काहींची सुटका झाली आणि एक लाखाहून अधिक पोलिश लोक इराणमध्ये उतरले. त्यांत हाडांचे सापळे झालेली हजारो मुले होती. इस्फहान शहराने इतकी पोलिश मुले सांभाळली की त्याला पोलिश मुलांचे शहर असे नाव पडले. काही मुले जामनगरच्या जामसाहेबांच्या आश्रयाला आली. आणि १९४३ पासून कोल्हापूरजवळ पंचगंगेच्या परिसरात वळिवडे येथे छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार पोलिश माणसे, बहुतेक बायका आणि मुले, तिथे १९४८ पर्यंत राहिली. छावणीत त्यांच्या भाषेतल्या शाळा होत्या, चर्च होते, नाटके होत होती. लंडनमधले त्यांचे परागंदा सरकार खर्च करत होते, पण जागा, शेजार आणि बाजार कोल्हापूरचा होता.

ती माणसे परत गेली, तेव्हा बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत सिंध सोडून आलेल्या कुटुंबांना त्याच ठिकाणी आसरा मिळाला. आज त्या वस्तीला गांधीनगर म्हणतात आणि लग्नसराईत कापड खरेदीला दूरदूरची माणसे तिथे जातात. आधी ख्रिस्ती पोलिश, मग हिंदू सिंधी. जागा तीच, छप्पर तेच. म्हाताऱ्या झालेल्या त्या पोलिश मुलांनी कोल्हापूरचे ऋण आयुष्यभर मानले. वॉर्सा शहरात आज कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. वळिवड्यातल्या मुलांना निव्वळ भाकरी मिळाली नव्हती. त्यांना स्वतःच्या भाषेत शिकायला, स्वतःच्या सणाला गोड खायला, स्वतःच्या पद्धतीने जगायला मिळाले होते. मदतीला मान असला की ती पिढ्यान्‌पिढ्या आठवते.

आता आजच्या जगाकडे वळू. गाझाची चित्रे रोज आपल्या मोबाइलवर येतात आणि तिथल्या भुकेल्या मुलांसाठी आपल्या मशिदींतून दुआ होते, ते योग्यच आहे. पण एक युद्ध असे आहे की ज्याची चित्रे क्वचित येतात. सुदानमधले युद्ध १५ एप्रिल २०२३ रोजी पेटले, आणि तेव्हाही रमजानचाच महिना होता. त्या देशाचे सैन्य आणि एक निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले. एक कोटीहून अधिक लोकांना घर सोडावे लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये अल-फाशर शहराजवळच्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचे तज्ज्ञांच्या समितीने जाहीर केले. खुद्द अल-फाशरला सुमारे दीड वर्ष वेढा होता. अन्न संपले तेव्हा तिथल्या लोकांनी शेंगदाण्याची पेंड खाऊन दिवस काढले. पेंड म्हणजे काय, हे आपल्या तालुक्यात सांगावे लागत नाही. आपण ती म्हशीपुढे ठेवतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये शहर पडले आणि पेंड खाऊन जगलेली माणसे पुन्हा रस्त्यावर आली.

इथे दोन्ही बाजूंना मुसलमानच आहेत. घोषणा कोणाच्या नावाने द्यायची, हे कळत नाही. म्हणून घोषणाही नाही आणि देणगीही नाही. हे आपण स्वतःला प्रामाणिकपणे विचारायला हवे. आपली कणव भुकेल्या माणसासाठी जागी होते, की शत्रू ओळखीचा असला तरच जागी होते? रोहिड खोऱ्यातल्या त्या बाईसारखीच अल-फाशरची बाई आहे. मूल घेऊन कुठे जायचे, एवढाच तिचाही प्रश्न आहे.

सुदानच्या लोकांनी वाट पाहत बसणे पत्करले नाही. मोहल्ल्यातल्या तरुणांनी सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू केली. त्यांना तिथे तकाया म्हणतात. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. गावच्या कडेला फकिराचा तकिया असतो, तोच हा. मोठ्या कढईत डाळ किंवा लापशी शिजते आणि रांगेतल्या प्रत्येकाला एक वाढणी मिळते. जिथे मोठ्या संस्थांचे ट्रक पोचत नाहीत, तिथे हे तकिये पोचले. पण २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली आणि त्यांतल्या बहुतेकांच्या चुली विझल्या. त्या वर्षी सुदानसाठी संयुक्त राष्ट्रांनी मागितलेल्या निधीच्या निम्मीही रक्कम जमली नाही.

दुष्काळ जाहीर होणे म्हणजे काय, हेही समजून घ्यावे. त्यासाठी कसोट्या ठरलेल्या आहेत. पाचातले एक कुटुंब अन्नाच्या टोकाच्या टंचाईत असावे लागते. दहातली तीन मुले तीव्र कुपोषित असावी लागतात. रोज दहा हजारांमागे दोन माणसे भुकेने किंवा त्यातून आलेल्या आजाराने मरत असावी लागतात. म्हणजे दुष्काळ हा शब्द बातमीत येतो, तोवर कबरी खोदून झालेल्या असतात. बातमी वाचून काढलेली वर्गणी ही ईदच्या दुपारी दिलेल्या फितऱ्यासारखी असते.

यावर आपल्याकडे नेहमी एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. आपल्याच गल्लीत विधवा आहेत, शिक्षणाची फी थकलेली मुले आहेत, दवाखान्याच्या बिलाने बुडालेली घरे आहेत. त्यांना सोडून पैसे सातासमुद्रापार का पाठवायचे? शरियतही या आक्षेपाच्या बाजूने बरेच काही सांगते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत मुआज यांना यमनला पाठवताना, तिथल्या श्रीमंतांकडून जकात घेऊन तिथल्याच गरिबांना द्यावी, असे सांगितले होते. जकात आपल्या गावची गावात खर्च व्हावी, हा सर्वसाधारण नियम आहे. घाटाखालच्या कोकणात प्रचलित असलेल्या शाफई मसलकात तो अधिक कडक आहे. हनफी मसलकात मात्र दुसरीकडची गरज अधिक तीव्र असेल, तर तिकडे पाठवण्याची परवानगी आहे. शिवाय कुरआनने जकातीचे जे आठ हकदार सांगितले, त्यांत गरीब आहेत, कर्जात बुडालेले आहेत आणि वाटेत अडकलेला मुसाफिरही आहे. युद्धातला निर्वासित यांतल्या किती वर्गांत बसतो, ते मोजून पाहावे.

म्हणून जवळचा की दूरचा, असे भांडण लावण्याचे कारण नाही. जकातीचा मोठा वाटा भोर-वेल्ह्यातच राहावा. दहातले आठ रुपये इथल्या घरांना द्यावेत. उरलेले दोन रुपये, शिवाय जकातीव्यतिरिक्त जो ऐच्छिक सदका आपण देतो त्यातला काही भाग, युद्धग्रस्तांसाठी बाजूला काढावा. सदक्याला गावाचे किंवा धर्माचे बंधन नाही. तो कोणत्याही भुकेल्याला देता येतो. आपापल्या मसलकाबद्दल शंका असेल, तर जवळच्या आलिमांना विचारावे.

पण खरा मुद्दा रकमेचा नाही, वेळेचा आहे. रमजानमध्ये एकदम पैसा येतो आणि शव्वाल लागला की आटतो. चूल तर रोज पेटवावी लागते. जकात वर्ष पूर्ण होण्याआधी आगाऊ देण्याची सोय बहुतेक फकीहांनी मान्य केली आहे. तिचा उपयोग करून घ्यावा. प्रत्येक जमातीने एक वही ठेवावी आणि घरटी पन्नास-शंभर रुपये दरमहा, बारा महिने गोळा करावेत. बातमीत नाव असो वा नसो, ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला गेली पाहिजे. दूरच्या तकियाला हजार रुपये एकदा मिळण्यापेक्षा शंभर रुपये दहा महिने मिळणे अधिक मोलाचे आहे, कारण त्या भरवशावर पुढच्या आठवड्याची डाळ उधारीवर आणता येते.

पैसे पाठवण्याच्या रीतीबद्दलही दोन शब्द. रमजानमध्ये मोबाइलवर रडणाऱ्या मुलाचा फोटो आणि खाली क्यूआर कोड असे संदेश सुळसुळतात. खात्री नसलेल्या कोडवर एक रुपयाही टाकू नये. हवाल्याच्या वाटेला तर जाऊच नये, तो गुन्हा आहे. युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था यूएनएचसीआर या भारतात रीतसर देणग्या घेतात, आणि यूएनएचसीआरने जकातीसाठी वेगळा निधीही ठेवला आहे. पावती घ्यावी आणि ती मशिदीच्या फलकावर लावावी. जुन्या कपड्यांची गाठोडी बांधण्याचा मोह टाळावा. ती पाठवण्याचा खर्च कपड्यांच्या किमतीहून जास्त होतो. हनफी फिकहमध्ये तमलीकची अट आहे, म्हणजे जकात घेणाऱ्याला तिचा पूर्ण मालक करायचे. रोख मदतीत ते साधते. काय घ्यायचे ते तिथली आई ठरवते. वळिवड्याच्या छावणीत जो मान होता, तो यातही आहे.

आपल्या वर्गणीने युद्ध थांबणार नाही, हे खरे. वेढा उठवणे, अन्नाच्या ट्रकला वाट देणे हे सत्ताधाऱ्यांच्या हातात आहे. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने युद्धातल्या नागरिकांच्या संरक्षणाची जबाबदारी राष्ट्रांवर टाकली. भारताने हे करार स्वीकारले आणि १९६० मध्ये त्यासाठी कायदाही केला. तेव्हा आपल्या सरकारने, ते कोणत्याही पक्षाचे असो, नागरिकांना उपाशी ठेवण्याला प्रत्येक वेळी उघड विरोध करावा, ही मागणी भोरच्या मतदाराने आपल्या खासदाराकडे करण्यात काहीच वावगे नाही. तीही मदतच आहे. रोहिड खोऱ्याच्या देशमुखाला जो जाब विचारला गेला, तोच आजच्या सत्ताधीशांनाही विचारता येतो. माणसे हाती लागण्याआधी वाट मोकळी का केली नाही?

ईदचा चांद दिसायला काही दिवस उरले आहेत. फितऱ्याची रक्कम बहुतेक घरांत काढून झाली असेल. ती ईदगाहकडे निघण्याआधी पोचवावी. आणि त्याच पाकिटाशेजारी आणखी एक पाकीट ठेवावे. त्याच्यावर सुदान लिहा, गाझा लिहा किंवा काहीच लिहू नका, पण पुढच्या महिन्याची तारीख मात्र नक्की लिहा. शव्वालमध्ये ते पाकीट पुन्हा भरले गेले, तर रोज्यांनी आपल्याला भूक शिकवली असे म्हणता येईल.